खोली तीन वेळा बघावी

आई फोनवर म्हणाली,
खोली एकदाच बघून ठरवू नको.
दुपारी बघ, दिवे लागल्यावर बघ,
आणि जमलं तर एकदा लाईट गेलेली असताना बघ.
आईनं जन्मात एकदाच घर बदललं,
तेही लग्न झालं म्हणून.
हे तिला कुठून ठाऊक, मी विचारलं नाही.

माझ्या बुरशीला घड्याळ कळत नाही.
काचेच्या बशीत ती कडेकडेनं सरकते
आणि तिचं माप घ्यायला
रात्री साडेआठला मी तिथंच असते.
तेव्हा विद्यापीठाजवळ म्हणजे
गेटातून बाहेर पडल्यापासून
कुलपात किल्ली फिरेपर्यंतची मिनिटं,
आणि त्या मिनिटांत कोण कोण जागं आहे, ते.

सागरमाळाकडची खोली दुपारी फार आवडली.
बंगल्यांची रांग, कुंपणावर कागदी फुलं,
एक म्हातारे गृहस्थ पाईपनं रस्ताच धुवत होते.
इतकं शांत, की दोन प्रकरणं सहज लिहून होतील.
रात्री पुन्हा गेले.
सगळी फाटकं आतून लावलेली,
रस्त्यावर फक्त माझी चप्पल वाजत होती.
एक मोटरसायकल शेजारी येऊन हळू झाली,
मग गेली.
काही झालं नाही.
'काही झालं नाही' असं वहीत लिहिलं,
प्रयोगात तेही लिहायचं असतं.

दुसरीकडे काकूंनी आधी सरबत दिलं.
खिडकी पूर्वेला, नळाला पाणी दोन्ही वेळा.
मग आडनाव विचारलं.
मग गाव. मग,
गावात घर कुठल्या बाजूला?
मी सांगितलं.
"अगं, विसरलेच बघ, खोली कालच गेली."
मी जिना उतरले तरी
'खोली भाड्याने देणे आहे'
दारावर तशीच होती.
सरबत चांगलं होतं, हेही खरं.

तिसरी, सायबर चौकाच्या अलीकडं,
खाली पिठाची गिरणी.
पट्टा फिरायला लागला की
फडताळातला पेला पेल्याला लागतो.
उन्हाळ्यात चटणीचं कांडप,
तेव्हा अख्खी गल्ली शिंकते म्हणे.
मी मनात खोडून टाकली होती.
इंदुबाई मगदूम जिन्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या.
"रात्री कितीला येतीस?"
नऊ. कधी साडेनऊ.
मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी.
"मग जेवतीस कवा?"

लाईट जायची वाट मी चार दिवस पाहिली.
गुरुवारी गेली, सातच्या सुमाराला,
आणि मी वही टाकून तशीच चालत सुटले.
गिरणी नुकतीच थांबली होती,
दस्तगीरचाचा दारात पांढऱ्या भुवया पुसत होते.
गल्ली पायऱ्यांवर येऊन बसलेली,
कुणी पुठ्ठ्यानं वारा घेतंय,
कुणी पोराला पाढे म्हणायला लावतंय,
पोरगं तेरा सत्ते पाशी अडकलेलं.
अंधारातून आवाज आला,
"कोण गं तिथं?"
मी. खोली बघायला आलेली.
"मग उभी का? बस की."

आता तिथंच राहते.
कानात कापूस घालून संदर्भसूची करते.
शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जातात,
त्या तासात अवघड परिच्छेद लिहिते.
बाकीचे दिवस पिठासारखे,
पुस्तकांवर, केसांवर, चहावर.
रात्री वळणावर आले, की
वरच्या मजल्यावरून कुणीतरी
नुसतं खोकतं.

आईनं विचारलं, जागा शांत आहे ना?
मी फोन खिडकीबाहेर धरला.
ती बराच वेळ ऐकत राहिली.
मग म्हणाली,
"शाळू दळतायत वाटतं."